नाव विसरलेलं गाणं कसं शोधायचं

ताईच्या एका जुन्या कॅसेटचं कार्ड माझ्याकडे आहे. कॅसेट केव्हाच हरवली, कार्ड मात्र एका वहीत राहून गेलं. दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावं निळ्या शाईत, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. बी बाजूच्या चौथ्या ओळीत मात्र नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ही कॅसेट तिने मैत्रिणीच्या कॅसेटवरून भरून घेतली होती आणि त्या गाण्याचं नाव मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी ते शेकडो वेळा ऐकलं, सुरुवातीच्या दोन सुरांवर नाचलो, न कळणारे शब्द मोठ्याने म्हटले. पुढे वीसेक वर्षं ते कानावर पडलं नाही, आणि एके दिवशी भांडी विसळताना अचानक ओठांवर आलं.

असं गाणं प्रत्येकाकडे असतं. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळातल्या आठवणी माणसाला पुढे जास्त सहज आठवतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आलेलं आहे आणि गाण्यांच्या बाबतीत ते फार ठळकपणे जाणवतं. चाल मनात घट्ट बसलेली असते, नाव मात्र निसटलेलं असतं. ते नाव परत कसं मिळवायचं, हे मी माझ्या गाण्याच्या निमित्ताने शिकले. ज्यांनी असा शोध कधी घेतलेला नाही, त्यांच्यासाठी ते क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: फोन बाजूला ठेवा, वही घ्या

आठवण आली की हात आधी फोनकडे जातो. मी तेच केलं आणि त्यात बरंच नुकसान झालं. शोधायला लागलात की पाच-दहा भलतीच गाणी ऐकावी लागतात आणि त्यांच्या चाली आपल्या चालीत मिसळतात. तासाभराने मला खात्रीने सांगता येईना की मधला चढता तुकडा माझ्याच गाण्यातला आहे की आत्ता ऐकलेल्या कुठल्या तरी गाण्यातला.

म्हणून दुसरं काहीही ऐकण्याआधी फोनच्या रेकॉर्डरवर चाल गुणगुणून ठेवा. सूर बरोबर लागला नाही तरी चालेल. ध्रुवपद आठवत असेल तर ध्रुवपद, सुरुवातीचं संगीत आठवत असेल तर तेही तोंडाने वाजवून. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी केलंत तर आणखी चांगलं, कारण प्रत्येक वेळी एखादा नवा तुकडा वर येतो.

मग वहीत लिहा. शब्द जसे ऐकू यायचे तसेच, अर्थ लागो न लागो, दुरुस्त न करता. आवाज बाईचा की पुरुषाचा, एकटा की अनेकांचा. कोणतं वाद्य लक्षात राहिलं आहे. ठेका नाचायचा होता की संथ. गाणं हळूहळू विरत जायचं की एकदम थांबायचं. कुठे ऐकलं, कोणाबरोबर, तेव्हा तुम्ही कितवीत होता. व्हिडिओ पाहिला असेल तर त्यातला एखादा कपडा किंवा रंगही लिहा. जे पक्कं आठवतं त्याखाली रेघ मारा आणि जे नुसतं वाटतं त्यापुढे तसं लिहून ठेवा. ही रेघ पुढे फार कामाला येते.

दुसरी पायरी: काळ आवळत आणा

गाणं कोणत्या वर्षाचं हे सांगता येत नसलं, तरी ते कशावर ऐकलं हे बहुतेकांना आठवतं, आणि त्यावरून काळाचा अंदाज येतो. कॅसेट १९६३ मध्ये आली, वॉकमन १९७९ मध्ये, सीडी १९८२ मध्ये. तेव्हा दिवसभर गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. संगणकावर उतरवलेली फाइल आठवत असेल, तर ती बहुधा १९९९ मध्ये नॅपस्टर, म्हणजे गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याची सोय, आल्यानंतरची.

त्या फाइलींबद्दल एक सावधगिरी. लोक आपल्या अंदाजाने त्यांना नावं द्यायचे. एका गायकाचं गाणं दुसऱ्याच प्रसिद्ध गायकाच्या नावावर फिरायचं आणि तीच चूक हजारो संगणकांवर पोचायची. त्यामुळे गायकाचं नाव तुम्हाला ठाम आठवत असेल, पण ते फाइलीवर वाचलेलं असेल, तर त्याखाली रेघ मारू नका.

वर्षांचा पट्टा तीन-चार वर्षांवर आला की त्या वर्षांच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढा. ब्रिटनमध्ये अशी यादी नोव्हेंबर १९५२ पासून आणि अमेरिकेत बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाची शंभर गाण्यांची यादी ऑगस्ट १९५८ पासून दर आठवड्याला निघते. सगळं ऐकत बसायची गरज नाही. नुसती नावं वाचत गेलात तरी एखाद्या नावापाशी डोळे अडखळतात. पण एका देशात गाजलेलं गाणं दुसऱ्या देशात वर्ष-दोन वर्षांनी पोचायचं, म्हणून तुम्हाला आठवणाऱ्या वर्षाच्या आधीचीही दोन वर्षं चाळा.

तिसरी पायरी: शब्द, ऐकू आले तसे

आठवणारी ओळ दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने असलेली पानं समोर येतात. काही सापडलं नाही तर ओळ तोडा आणि खात्रीचे तीन शब्दच ठेवा. ध्रुवपदातली ओळ अंतऱ्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण लोक तीच उद्धृत करतात. आपल्या लिपीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत शोधा. रोमनमध्ये एकच शब्द चार प्रकारे लिहिला जातो, तेव्हा चारही लिहून पाहा.

आणि शब्द चुकीचे ऐकले असतील, हे धरूनच चाला. या चुकीला इंग्रजीत स्वतंत्र नावच आहे, मॉन्डेग्रीन. सिल्व्हिया राइट या अमेरिकी लेखिकेने १९५४ मध्ये ते रूढ केलं. लहानपणी एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यातलं ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ तिला ‘लेडी मॉन्डेग्रीन’ असं ऐकू यायचं, आणि मारल्या गेलेल्या सरदाराशेजारी ती बाईही मरून पडली आहे असंच तिला कित्येक वर्षं वाटत होतं. आमच्या गाण्यातली एक ओळ आम्ही ‘मोरी बाजा’ अशी म्हणायचो. ती इटालियन असावी असं ताईचं ठाम मत होतं, म्हणून मी दोन आठवडे इटालियन गाण्यांत घालवले. गाणं इटालियन नव्हतंच. अर्थ न कळणाऱ्या भाषेतलं गाणं शोधत असाल, तर भाषेचा अंदाजसुद्धा ‘नुसतं वाटतं’ या रकान्यात टाका.

चौथी पायरी: यंत्राला ऐकवा, पण योग्य यंत्राला

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. गाणं ओळखणारी ॲप दोन जातींची असतात.

शझामसारखं ॲप वाजणारं रेकॉर्डिंग ओळखतं. ते आवाजातल्या ठळक बिंदूंचा एक नकाशा बनवतं, बोटाच्या ठशासारखा, आणि साठवलेल्या ठशांशी ताडून पाहतं. ही सेवा २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा २५८० हा क्रमांक लावून फोन गाण्यासमोर धरायचा आणि उत्तर एसएमएसने यायचं. तुमच्याकडे कॅसेट, जुना व्हिडिओ किंवा एखाद्या घरगुती चित्रफितीत मागे वाजणारं गाणं असेल, तर हेच वापरा. गुणगुणून मात्र याच्याकडून काही मिळणार नाही, आणि कार्यक्रमात प्रत्यक्ष गायलेलं गाणंही ते सहसा ओळखत नाही, कारण तो ठसा वेगळा असतो.

गुणगुणण्यावरून शोधायचं तर साउंडहाउंड किंवा गूगलचं ॲप घ्या. गूगलने ही सोय ऑक्टोबर २०२० मध्ये आणली. माइकचं चिन्ह दाबून गाणं शोधण्याचा पर्याय निवडायचा आणि दहा-पंधरा सेकंद गुणगुणायचं. सूर कोणत्याही पट्टीत चालतो, कारण चालीचे चढउतार तपासले जातात. शब्द अर्धवट आठवत असतील तर म्हणूच नका, ‘ना ना ना’ म्हणा, कारण अडखळलं की चाल तुटते. खोली शांत हवी, लय एकसारखी हवी आणि ध्रुवपदाच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात हवी. पहिल्या पायरीत भरून ठेवलेलं रेकॉर्डिंग इथे वाजवून पाहा. कधीकधी आजच्या गुणगुणण्यापेक्षा तेच जास्त शुद्ध निघतं.

गाजलेली गाणी या पायरीवर सापडून जातात. आमचं सापडलं नाही.

पाचवी पायरी: शेजाऱ्यांना विचारा

मला सर्वांत आवडणारी पायरी ही, आणि फार कोणी सांगत नाही ती हीच.

कॅसेट किंवा सीडीवर ऐकलेलं गाणं कधी एकटं नसतं. ते संपताच पुढचं कोणतं सुरू होणार, हे मनाला पक्कं ठाऊक असतं. आजही कुठे एखादं जुनं गाणं संपलं की डोक्यात पुढच्या गाण्याची सुरुवात वाजते आणि प्रत्यक्षात भलतंच काही लागलं की चुकल्यासारखं होतं. तुमच्या गाण्याच्या आधी आणि नंतर काय असायचं, ते आठवा. त्यांची नावं माहीत असतील तर अर्धं काम झालं.

ताईच्या कार्डावर तिसऱ्या आणि पाचव्या ओळीतली नावं स्पष्ट होती. दोन्ही गायक वेगवेगळे, म्हणजे मैत्रिणीची मूळ कॅसेट निवडक गाण्यांचा संग्रह असणार. असे संग्रह शोधायला दोन जागा आहेत. डिस्कॉग्स हे २००० साली सुरू झालेलं संकेतस्थळ, जिथे संग्राहक आपल्याकडच्या तबकड्या, कॅसेट, सीडी यांची गाण्यागणिक नोंद करतात. कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, कोणत्या कव्हरात निघाली, इतपत तपशील असतो आणि पुष्कळदा कव्हरांचे फोटोही. दुसरं म्युझिकब्रेन्झ, तिथे एकच रेकॉर्डिंग कोणकोणत्या अल्बमांत आलं ते एकत्र दिसतं.

डिस्कॉग्सच्या सविस्तर शोधात गाण्याच्या नावासाठी वेगळा रकाना आहे. त्यात आधी तिसरं गाणं घातलं आणि ज्या संग्रहांत ते होतं त्यांची यादी लिहून काढली. मग पाचवं. दोन याद्या शेजारी ठेवून समान नावांवर खुणा केल्या. चार संग्रह उरले. पहिल्या तिघांत दोन्ही गाणी होती, पण एकमेकांपासून लांब. चौथ्यात ती सहावी आणि आठवी होती, आणि मधल्या सातव्या ओळीत मी आयुष्यात कधी न वाचलेलं एक नाव होतं.

ते शोधून वाजवलं. दोन सूर ऐकले आणि मला बसावं लागलं.

मूळ कॅसेट तुमच्याकडे नसली तरी तिचं कव्हर आठवत असेल, रंग किंवा चित्र, तर त्या काळातल्या संग्रहांचे फोटो चाळा. कव्हर डोळ्यांना लगेच ओळखू येतं. रेडिओवर ऐकलं असेल तर हा मार्ग अर्थातच बंद होतो. मग कार्यक्रमाचं नाव, वेळ आणि निवेदक यांच्या मागे जावं लागतं.

सहावी पायरी: माणसं

भावंडं, शाळा-कॉलेजातली मित्रमंडळी, तेव्हा कॅसेट अदलाबदल करणारी शेजारची मुलं, यांना विचारा. विचारताना गुणगुणलेली ध्वनिफीत आणि वहीतले पक्के मुद्दे पाठवा. अंदाज आधीच सांगू नका. ‘ते इटालियन गाणं आठवतं का’ असं मी चौघींना विचारलं आणि चौघींनीही इटालियन गाणीच आठवून पाहिली. नुसती चाल पाठवली असती तर एखादीने वेगळा विचार केला असता.

ओळखीत कोणालाच आठवलं नाही, तर अनोळखी माणसं मदत करतात, आणि किती जीव ओतून करतात याचं एक उदाहरण मला फार धीर देतं. १९८४ च्या सुमारास जर्मनीत एका मुलाने रेडिओवरून एक गाणं कॅसेटवर उतरवलं. गायक कोण ते कळलं नाही. २००७ मध्ये त्याच्या बहिणीने तो तुकडा इंटरनेटवर टाकून विचारलं. कोणालाच ओळखता येईना, आणि जगभरचे लोक शोधाला लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर मिळालं: कील शहरातला फेक्स नावाचा एक छोटा बँड. जुन्या वर्तमानपत्रातल्या बातमीचा माग काढत शोधणारा थेट त्या वादकांपर्यंत पोचला होता. त्यांचं ते गाणं तोवर बाजारात आलंच नव्हतं, मग ॲपला ते कुठून सापडणार? तुमचं गाणं स्थानिक बँडचं किंवा जाहिरातीतलं असेल तर वर्तमानपत्रांचे जुने अंक आणि माणसं हाच रस्ता.

सातवी पायरी: हे तेच आहे का?

नाव मिळालं म्हणजे संपलं, असं मला वाटलं होतं. पण पहिल्या आनंदात तीनदा ऐकल्यावर काहीतरी खटकायला लागलं. आवाज तोच, चाल तीच, सुरुवातीचे दोन सूरही तेच. पण ध्रुवपदाआधी गायिका जो श्वास घ्यायची, आणि आम्ही दोघी मुद्दाम मोठ्याने घ्यायचो, तो कुठेच नव्हता. ढोलाचा आवाजही जरा गुळगुळीत होता. मी ऐकत होते ते तिने पुढे कित्येक वर्षांनी पुन्हा गायलेलं रेकॉर्डिंग होतं.

हे फार वेळा होतं. गाणं गायकाचं असलं तरी मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क पुष्कळदा कंपनीकडे असतात. मग गायक आपलंच गाणं नव्याने गाऊन बाजारात आणतात. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टने २०२१ ते २०२३ या काळात आपले चार जुने अल्बम असे पुन्हा गायले आणि प्रत्येकाच्या नावातच तसं लिहिलं. सगळे इतकं स्पष्ट लिहीत नाहीत. कधी कव्हर जुनंच असतं आणि आत नवीन मुद्रण.

पारखायचं कसं? गाण्याची लांबी पाहा. डिस्कॉग्सवर मूळ प्रतीची लांबी दिलेली असेल आणि तुमच्यासमोरच्या गाण्यात दहा-पंधरा सेकंदांचा फरक असेल, तर संशय घ्या. अर्थात रेडिओसाठी कापलेली आवृत्ती, अल्बममधली पूर्ण आवृत्ती आणि नाचासाठी ताणलेली लांब आवृत्ती अशा तिन्ही खऱ्याच असू शकतात. तुम्ही कोणती ऐकत होता ते ठरवा. ‘रीमास्टर’ लिहिलं असेल तर गाणं तेच असतं, फक्त जुन्या मुद्रणावर नव्याने हात फिरवलेला असतो. बहुधा आवाज मोठा आणि हळू-मोठ्यातला फरक कमी झालेला. ‘रीमिक्स’मध्ये मांडणीच बदललेली असते. ‘रीरेकॉर्डेड’ म्हणजे पुन्हा गायलेलं. शेवटी कानावर विश्वास ठेवा. तरुणपणी शंभरदा ऐकलेल्या गाण्यातला श्वास, खोकला, तारेवर बोट घसरल्याचा आवाज कान विसरत नाही.

मूळ मुद्रण कुठल्याच ॲपवर नसेल, तर त्याची कारणं बहुधा साधी असतात: कंपनी बंद पडली, हक्क कोणाकडे गेले याचा पत्ता नाही, किंवा मूळ फीतच उरली नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत अनेक मूळ ध्वनिफिती जळून गेल्या. अशा वेळी जुनी तबकडी, सीडी किंवा कॅसेट विकत घेणं हाच खात्रीचा उपाय. मी तेच केलं. संग्रहाची जुनी सीडी डिस्कॉग्सवरच एका विक्रेत्याकडे मिळाली.

कॅसेट घरातच असेल तर

लगेच वाजवू नका. आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे पापुद्रे तोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. फितीच्या मागे, मधोमध, मऊ कापडाची इवलीशी गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज दबका येतो, आणि दुसऱ्या रिकाम्या कॅसेटची गादी लावता येते. फीत हाताने किंवा पेन्सिलीने थोडी फिरवून सैलपणा काढा. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो धातूचा भाग, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, तिच्याशी जास्तच हळुवार वागा.

हेडफोनच्या किंवा ‘लाइन आउट’च्या जागेतून केबल संगणकाला जोडा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवून रेकॉर्ड करा. आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नका. ४५ मिनिटांच्या एका बाजूला साधारण ४७५ एमबी जागा लागते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी, पण जुन्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि गाणं मंद व जाड ऐकू येतं. शझामने तुमची कॅसेट ओळखली नाही तर आधी हेच तपासा. ऑडॅसिटीत वेग थोडा वाढवून पुन्हा ऐकवा. खरखर काढण्याची सोय असते, ती जपून वापरा, नाहीतर खरखरीबरोबर आवाजातली धारही जाते. आणि काही करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत जशीच्या तशी वेगळ्या जागी ठेवा.

सीडी आली त्या संध्याकाळी मी सातवं गाणं लावलं. श्वास होता. तिथेच, ध्रुवपदाआधी. तेवढा तुकडा ताईला पाठवला, नाव न सांगता. दोन मिनिटांत तिचा फोन आला. ती बोलत नव्हती, गात होती, आणि अजूनही ‘मोरी बाजा’च म्हणत होती. मग म्हणाली, “कार्ड आहे ना तुझ्याकडे? पाठव मला. आणि त्या ओळीवर तू काही लिहू नकोस हं, ते मी लिहिणार.”